सत्तांतर, बदल्या आणि नस्तीवरची टिपणी

राज्यसेवेतून नुकतीच उपजिल्हाधिकारी म्हणून निवड झालेल्या एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. राज्यात सरकार बदलले की सचिव, आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्या बदल्यांचे आदेश एकापाठोपाठ निघतात, ते कायद्याला धरून असते काय. काल एका सरकारची योजना मनापासून राबवणारा सचिव आज दुसऱ्या सरकारच्या सांगण्यावरून तीच योजना गुंडाळतो, तेव्हा त्याला स्वतःचे मत असते की नसते. आणि या सगळ्यात नव्या अधिकाऱ्याने वागायचे कसे. माझी सुरुवातही उपजिल्हाधिकारी म्हणूनच झाली, पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत बढती मिळाली आणि मंत्रालयात असताना सत्तांतरे अगदी जवळून पाहता आली. त्या अनुभवाच्या आधारे, आणि जे सार्वजनिक नोंदीत आहे तेवढेच हाताशी घेऊन, हे उत्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकार बदलले की मुख्य सचिव बदलतात असे सर्रास मानले जाते. महाराष्ट्रात अलीकडच्या तिन्ही सत्तांतरांत तसे झालेले नाही. २०१९ मध्ये अजोय मेहता, २०२२ मध्ये मनुकुमार श्रीवास्तव आणि २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक हे तिघेही आधीच्या सरकारच्या काळात नेमले गेले होते आणि नव्या सरकारच्या काळातही आपला कार्यकाळ संपेपर्यंत त्याच पदावर राहिले. मेहता यांच्या वाट्याला आलेला नोव्हेंबर २०१९ तर प्रशासनाच्या अभ्यासकाने मुद्दाम तपासावा असा आहे. ८ नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला आणि सरकार काळजीवाहू झाले, १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली, २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि सकाळी आठच्या सुमारास नवा शपथविधी झाला, २६ तारखेला ते सरकारही गेले आणि २८ तारखेला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली. तीन आठवड्यांत राज्याचा कारभार चार वेगवेगळ्या व्यवस्थांखाली चालला.

त्याच तीन आठवड्यांत खाली काय चालले होते हेही सांगायला हवे. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने सोयाबीन, कापूस, भात, द्राक्षबागा असे बरेच काही हातचे गेले होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शिवारात जाऊन पंचनामे करत होते, तहसीलदार याद्या तपासत होते, जिल्हाधिकारी एकत्रित अहवाल विभागीय आयुक्तांकडे पाठवत होते. १६ नोव्हेंबरला, म्हणजे राज्यात मंत्रिमंडळच नसताना, राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागा व बारमाही पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. ती जाहीर करता आली, कारण खालची यंत्रणा कोणाचे सरकार येते याची वाट पाहत थांबली नव्हती. कायम सेवेत असलेला प्रशासक कशासाठी ठेवायचा असतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

इतर राज्यांत चित्र निराळे असते. तामिळनाडूत ७ मे २०२१ रोजी नवे सरकार आले त्याच दिवशी मुख्य सचिव बदलले; आंध्र प्रदेशात जून २०२४ मध्ये सत्तांतराबरोबरच बदलले. ते बेकायदा नव्हते. मुख्य सचिवपदाच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे ठरवणारा खटला तामिळनाडूचाच आहे. ई. पी. रोयप्पा यांना १९७२ मध्ये मुख्य सचिवपदावरून हलवून आधी राज्य नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद आणि नंतर विशेष कार्य अधिकारीपद देण्यात आले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ च्या निकालात न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि मुख्य सचिव हे पूर्ण विश्वासाचे पद असल्याने मुख्यमंत्र्यांशी त्यांचा सूर जुळणे आवश्यक आहे, असे मान्य केले. पण त्याच निकालात असेही आले की मनमानी आणि समानता एकत्र नांदू शकत नाहीत, आणि कोणतीही शासकीय कृती मनमानी असेल तर ती संविधानाच्या अनुच्छेद १४ चा भंग ठरते. अधिकारी खटला हरला, पण त्याच्या खटल्यातून निघालेले तत्त्व पुढे देशातल्या प्रत्येक नागरिकाच्या कामी आले.

आता बदल्यांच्या कायद्याकडे वळू. आपल्याकडे २००५ चा अधिनियम आहे, ज्याचे पूर्ण नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम’ असे आहे, आणि जो १ जुलै २००६ पासून अंमलात आला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा वाटा होता. अखिल भारतीय सेवेतील अधिकारी आणि गट अ, ब, क यांच्यासाठी एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी, बदल्या वर्षातून एकदाच एप्रिल-मे मध्ये, आणि त्याआधी किंवा मध्येच बदली करायची तर लेखी कारण आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता, असा त्याचा गाभा आहे. त्याशिवाय टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्यासह निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निश्चित कालावधी, नागरी सेवा मंडळ आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद या तीन गोष्टी सांगितल्या. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने भारतीय प्रशासकीय सेवेच्या संवर्ग नियमांत दुरुस्ती करून किमान दोन वर्षांचा कालावधी आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंडळ आणले. पोलिसांच्या बाबतीत प्रकाश सिंग खटल्याच्या २००६ च्या निकालानंतर आणि २०१४ च्या राज्य दुरुस्तीनंतर पोलिसांच्या बदल्या ठरवणारी पोलीस आस्थापना मंडळे आली.

कागदावर हे भक्कम दिसते, तरी सत्तांतरानंतर आदेश निघतातच, कारण प्रत्येक तरतुदीत अपवादाचे दार ठेवलेले आहे आणि त्या दाराची किल्ली मुख्यमंत्र्यांकडे आहे. भारतीय प्रशासकीय सेवेच्या अधिकाऱ्यांसाठी २००५ च्या कायद्याखाली सक्षम प्राधिकारी खुद्द मुख्यमंत्रीच आहेत, त्यामुळे वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता ही अट तिथे फारशी उरत नाही. नागरी सेवा मंडळाची शिफारस कारणे नोंदवून नाकारता येते. आणि ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द कोणत्याही आदेशात बसतात. तुम्ही राज्यसेवेत आहात, तेव्हा तुमची बाजू उलट जास्त मजबूत आहे. विशेष कारण नीट नोंदवलेले नसल्यामुळे मध्यावधी बदल्या रद्द झाल्याची महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, म्हणजे मॅटची, पुष्कळ उदाहरणे आहेत, आणि तिथे शासनाला मूळ नस्ती, म्हणजे फाईल, न्यायाधिकरणापुढे ठेवावी लागते. ती नस्ती उघडली की ‘प्रशासकीय कारण’ म्हणजे एखाद्या लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र एवढेच होते की आणखी काही, हे लगेच कळते.

कायद्यापलीकडे जाऊन माझे मत विचाराल तर ते असे आहे. नव्या मुख्यमंत्र्यांना आपले सचिवालय, सामान्य प्रशासन, गृह, वित्त आणि राज्याच्या मोठ्या शहरांचे महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्त या मोजक्या जागांवर आपल्या विश्वासाची माणसे हवीत, हे मी रास्त मानतो. जनतेने दिलेला कौल राबवायला त्यांना हात लागतात. पण ही यादी तिथे संपली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्याला एखादा जिल्हा समजायला एक खरीप आणि एक उन्हाळा लागतो. कुठल्या धरणाचे आवर्तन कोणत्या आठवड्यात सोडले नाही तर भांडणे होतात, कोणत्या तालुक्यातले भूसंपादनाचे प्रकरण का अडले आहे, जिल्हा नियोजन समितीत कोणती मागणी खरी आणि कोणती दरवर्षी नुसती मांडली जाणारी आहे, हे नस्त्यांमध्ये लिहिलेले नसते. महापालिका आयुक्ताला किमान एक अर्थसंकल्प स्वतः मांडून वर्षभर चालवून पाहावा लागतो. अशा अधिकाऱ्याला आठव्या महिन्यात उचलले की नुकसान त्याचे होत नाही, कारण त्याचे वेतन आणि श्रेणी तीच राहते. नुकसान त्या जिल्ह्याचे होते आणि ते कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. तुकाराम मुंढे यांच्या वीसहून अधिक बदल्या झाल्या, त्या एकाच पक्षाच्या राजवटीत झालेल्या नाहीत. म्हणून हा दोष अमक्या सरकारचा आणि ते दुसरे सरकार निर्दोष, असे मानून या विषयाकडे पाहू नका.

मंत्रालयात खरे दुखणे बदलीपेक्षा शिक्क्याचे असते. ‘तो अमक्यांचा माणूस’ हे तीन शब्द एकदा चिकटले की अधिकाऱ्याच्या टिपणीतला मजकूर कोणी वाचत नाही, खालची सही आधी बघतात. सक्तीच्या प्रतीक्षेत, म्हणजे पदाविना, ठेवलेले, कुठल्याशा महामंडळात पाठवलेले किंवा केंद्रीय प्रतिनियुक्तीसाठी अर्ज करून निघून गेलेले अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा गुन्हा एवढाच होता की त्यांनी मागच्या सरकारचे काम चोख केले होते. हे घातक का, ते सांगतो. चोख काम करणे हीच जर पुढच्या सरकारपुढे शिक्षेची बाब ठरणार असेल, तर सरकारच्या शेवटच्या वर्षात शहाणा अधिकारी काम हळू करू लागतो. निवडणुकीला वर्ष उरले असताना नस्त्या ‘चर्चा करावी’ एवढ्या शेऱ्यावर फिरत राहतात, त्यामागे पुष्कळदा हीच भीती असते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. शासन निर्णयाच्या शेवटी सहीच्या वर एक ठरलेली ओळ असते, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. अनुच्छेद १६६ मुळे ती तिथे असते, आणि अधिकाऱ्याची निष्ठा कोणाशी, या प्रश्नाचे घटनात्मक उत्तर त्या ओळीत आहे. पण मत असण्याबद्दल विचाराल तर सरदार पटेल १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत काय बोलले ते आठवा. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, ते स्वातंत्र्य मी माझ्या सर्व सचिवांना दिले आहे, आणि मंत्री नाराज होईल या भीतीने जो प्रामाणिक मत देणार नाही त्याने जावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे मत असलेच पाहिजे. प्रश्न ते कुठे आणि केव्हा मांडायचे एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर एकच आहे: निर्णय होण्याआधी, नस्तीवर, सहीनिशी. निर्णय झाल्यावर मंत्र्यांची इच्छा कायद्याच्या चौकटीत असेल तर ती मन लावून राबवायची. कायद्याबाहेर असेल तर तसे लेखी दाखवून द्यायचे.

हे कसे चालते याचे उदाहरण म्हणून मुंबईच्या मेट्रो ३ ची कारशेड घ्या. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी नव्या सरकारने आरेतील कामाला स्थगिती दिली आणि त्यानंतर पर्याय तपासण्यासाठी तेव्हाचे अपर मुख्य सचिव मनोज सौनिक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारची इच्छा काय होती हे साऱ्या मुंबईला ठाऊक होते. तरीही समितीने जानेवारी २०२० मध्ये, जागा बदलणे व्यवहार्य नाही असा अहवाल दिला. सरकारने तो मानला नाही, आणि न मानण्याचा त्याला अधिकार होता. पर्यावरणाचा मुद्दा खर्चाच्या आणि वेळेच्या हिशोबापेक्षा वरचा ठरवणे हा राजकीय निर्णय असतो आणि तो निवडून आलेल्यांनीच घ्यायचा असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर झाले, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या कामाला स्थगिती दिली, आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच ती आरेत परत आली. मेट्रोच्या व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे यांची जानेवारी २०२० मध्ये बदली झाली होती, २०२२ मध्ये त्यांच्याकडे तो कार्यभार पुन्हा आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला. आरेची झाडे तुटायला हवी होती की नव्हती, यावर मी इथे बोलणार नाही. मला दाखवायचे आहे ते हे, की समितीचा अहवाल एका सरकारने बाजूला ठेवला, दुसऱ्याने आधाराला घेतला, आणि दोन्ही वेळा त्यातला मजकूर तोच होता. अधिकाऱ्याचे मत सरकारसाठी लिहिलेले असते, पण ते पुढच्या सरकारच्याही हातात पडणार आहे हे लक्षात ठेवून लिहावे लागते.

याच्या उलट बाजू जलयुक्त शिवारची आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ती योजना सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात तिच्यावर टीका झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने कामांच्या चौकशीचा निर्णय घेतला. आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुढच्या मंत्रिमंडळाने तिचा दुसरा टप्पा मंजूर केला. मृद व जलसंधारण खात्याचा तालुक्यातला अधिकारी या सगळ्या काळात तोच होता. नाला खोलीकरणाचे मोजमाप घेणारा तो, चौकशीला सामोरा जाणारा तो, आणि दुसऱ्या टप्प्याचा आराखडा करणाराही तोच. ज्याच्या मोजमाप पुस्तिकेत खोदाईच्या आधीची आणि नंतरची पातळी लिहिलेली होती आणि छायाचित्रे जोडलेली होती, त्याला चौकशीची भीती बाळगायचे कारण नव्हते. ज्याने वरून आलेल्या उद्दिष्टापोटी आकडे भरले, तो अडकला तर त्याला वाचवायला ते उद्दिष्ट देणारे कोणीही पुढे येत नाही. खालच्या पदावर असताना हे विशेष लक्षात ठेवा, कारण चौकशी खालून सुरू होते.

सत्तांतरात सर्वांत नाजूक काळ असतो तो जाणाऱ्या सरकारच्या शेवटच्या आठवड्याचा. जून २०२२ मध्ये सरकार अस्थिर झाल्यावर शासन निर्णयांचा ओघ एवढा वाढला की राज्यपाल कार्यालयाने २२ ते २४ जून या तीन दिवसांतल्या शासन निर्णयांची माहिती मुख्य सचिवांकडे मागितली. प्रत्येक शासन निर्णय सांकेतांकासह संकेतस्थळावर चढतो, म्हणून हे बाहेर लगेच दिसते. पूर्वी ते दिसायला महिने लागत. या दिवसांत सचिवाने काय करावे? ज्या सरकारने विश्वास गमावल्याचे सिद्ध झालेले नाही ते पूर्ण अधिकाराचे सरकार असते, त्याचे काम अडवणे हा सचिवाचा अधिकार नाही. पण वित्त विभागाचे अभिप्राय नसताना प्रशासकीय मान्यता देणे, निविदा समितीपुढे न गेलेली बाब मंत्रिमंडळापुढे नेणे किंवा मागील तारीख टाकणे, ही कामे घाईचे कारण सांगून करता येत नाहीत. शासनाचे कामकाज कसे चालवायचे हे सांगणारी कार्यनियमावली पाळली जाते की नाही हे बघणे ही सचिवाची जबाबदारी आहे, आणि ती शेवटच्या आठवड्यात सैल पडत नाही, उलट घट्ट होते.

त्याच वेळचे आणखी एक उदाहरण. २९ जून २०२२ च्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबाद व उस्मानाबादच्या नामांतराचा आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा निर्णय झाला, आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिल्यानंतर झालेला हा निर्णय वैध नाही अशी भूमिका घेऊन नव्या सरकारने १६ जुलैला छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि लोकनेते दि. बा. पाटील अशा नावांनी तोच विषय पुन्हा मंजूर केला. मंत्रिमंडळाच्या बैठकीला मुख्य सचिव बसतात, इतिवृत्त त्यांच्याकडे असते, आणि दोन्ही बैठकांना मुख्य सचिव एकच होते. दोन विरोधी सरकारांची इतिवृत्ते एकाच हाताने, सारख्याच काटेकोरपणे लिहिली जातात, तेव्हा कायम सेवा म्हणजे काय ते कळते.

त्यानंतरचे जवळजवळ सहा आठवडे, ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत, मंत्रिमंडळात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते. मंत्र्यांपुढे चालणारी अपिले व पुनर्विलोकने तुंबली, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला अर्धन्यायिक सुनावण्यांचे अधिकार सचिवांकडे सोपवण्यात आले, त्यावर टीका झाली आणि हे अधिकार तेवढ्यापुरतेच आहेत असा खुलासा सरकारला करावा लागला. माझ्या मते टीका करणाऱ्यांची काळजी योग्य होती. धोरणाचा अधिकार सचिवाकडे आला की लोकांनी मत कशासाठी दिले हा प्रश्न उरतो. अपिलाची सुनावणी ही वेगळी बाब आहे, आणि सचिवाने अशा काळात स्वतःला तेवढ्या मर्यादेत ठेवावे. जुलै २०२२ मध्ये आधीच्या सरकारने १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर केलेल्या, पण प्रत्यक्ष सुरू न झालेल्या कामांना स्थगिती देण्यात आली आणि प्रकरणे उच्च न्यायालयात गेली, हाही त्याच काळातला भाग आहे. स्थगिती देण्याचा अधिकार नव्या सरकारला असतो. पण सरसकट स्थगितीत एखाद्या गावच्या शाळाखोलीचे काम आणि एखादे फक्त कंत्राटदाराच्या सोयीचे काम एकाच आदेशात अडकते. सचिवाने अशा वेळी कामांची छाननी करून कोणती सोडावीत याची यादी स्वतःहून सादर करावी. मागितल्याशिवाय यादी देणे म्हणजे आगाऊपणा असे काही जण मानतात. मी ते कर्तव्य मानतो.

नवा मंत्री पहिल्यांदा दालनात बसतो तो दिवसही महत्त्वाचा असतो. बुके आणि पेढे घेऊन आलेल्यांची रांग बाहेर असते, कार्यकर्ते आत असतात, आणि सचिवाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्या वेळी खात्याचा पन्नास पानी आढावा द्यायचा नसतो. दोन पानांत तीन गोष्टी द्याव्यात: येत्या महिन्यात कोणत्या न्यायालयात कोणत्या तारखेला शपथपत्र द्यायचे आहे, मंजूर कामांचे दायित्व किती आणि उपलब्ध तरतूद किती, आणि केंद्राच्या कोणत्या योजनेत राज्याचा हिस्सा न दिल्यामुळे पुढचा हप्ता अडला आहे. आधीच्या मंत्र्यांबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, विचारले तरी नाही. जो सचिव नव्या मंत्र्यापुढे जुन्याची निंदा करतो, त्याच्यावर नवा मंत्रीही विश्वास ठेवत नाही, कारण उद्या आपल्याबद्दल हाच काय बोलेल हे त्याला दिसते. ब्रिटनमध्ये १९६४ पासून निवडणुकीआधी विरोधी पक्षाला वरिष्ठ सचिवांशी सरकारच्या संमतीने बोलता येते, म्हणजे येणाऱ्यांना खात्याची आणि खात्याला येणाऱ्यांच्या जाहीरनाम्याची ओळख होते. आपल्याकडे अशी रीत नाही, आणि ती आली तर पहिल्या महिन्यातल्या पुष्कळ स्थगित्या टळतील असे मला मनापासून वाटते.

मंत्री कार्यालयातील खासगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी यांचा उल्लेख इथे थोडक्यात करतो. सत्तांतराबरोबर मंत्री बदलतात, पण त्यांच्या कार्यालयांतली काही माणसे पक्ष ओलांडून पुन्हा तिथेच दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले होते की मंत्र्यांनी सुचवलेल्या १२५ नावांपैकी १०९ नावांना मान्यता दिली आणि उरलेली तक्रारी असल्यामुळे नाकारली. ही छाननी दर सत्तांतराला, आणि उघड निकषांवर व्हावी. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या बदलीपेक्षा या जागांवर कोण बसतो याचा सामान्य माणसाच्या कामावर अधिक परिणाम होतो. गोव्याचा दाखला घ्यायचा तर तिथले सनदी अधिकारी अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या संयुक्त संवर्गातून येतात आणि त्यांची नेमणूक केंद्रीय गृह मंत्रालय करते, त्यामुळे तिथे सरकार बदलल्यावर सचिव बदलण्याला दिल्लीतूनच मर्यादा पडते. हे आपल्याकडे आणता येणार नाही, पण संवर्ग कोणाच्या हातात आहे यावर अधिकाऱ्याची वागणूक किती अवलंबून असते ते यातून लक्षात येते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच बरेचसे आले आहे, उरलेले सांगतो. तोंडी आदेश लेखी करून घेण्याची सवय पहिल्या पदापासून लावा. नागरी सेवा वर्तणूक नियम तुम्हाला तसे करायलाच सांगतात, त्यामुळे कोणी रागावले तर नियम दाखवता येतो. यासाठी वाद घालावा लागत नाही. दूरध्वनी ठेवल्यावर नस्तीवर साधे वाक्य लिहायचे: ‘आज दुपारी मा. महोदयांनी दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार पुढीलप्रमाणे कार्यवाही प्रस्तावित आहे, पुष्टीसाठी सादर.’ ज्यांचा आदेश सरळ असतो ते सही करतात. ज्यांचा नसतो त्यांच्याकडून ती नस्ती बहुधा परत येत नाही, आणि तुमची सुटका होते. एकाच विषयावर दोन सरकारांच्या काळात तुमचे मत बदलले तर बदलण्याचे कारण लिहा: नवा अहवाल आला, दर बदलले, न्यायालयाचा निकाल लागला. कारण न लिहिता बदललेले मत दोन्ही टिपण्या शेजारी ठेवणाऱ्याला लगेच ओळखू येते, आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे त्या शेजारी ठेवल्या जातातच.

पद सोडताना कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर सही करून निघून जाऊ नका. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी चालू वादांची, तोंडी दिलेल्या आश्वासनांची आणि मुदतींची एक टिपणी ठेवा, मग तुमची बदली कितीही अन्यायाने झालेली असो. आणि मॅटमध्ये जावे काय, असे विचाराल तर कारण नोंदवले नसेल आणि हातातले काम अर्धवट राहून लोकांचे नुकसान होणार असेल तर जरूर जा, तो तुमचा हक्क आहे. घर, शाळा आणि गावाची सोय एवढाच मुद्दा असेल तर जाऊ नका. नव्या जागी रुजू व्हा आणि तिथली प्रलंबित नस्त्यांची नोंदवही पहिल्याच दिवशी मागवून घ्या.